धाकट्यानं तुर्कस्तान उचललं

उस्मानी साम्राज्य सहाशे वर्षं टिकलं. आम्हा दोघा भावांचं अठरा. तरीही आमचा कारभार त्यांच्यापेक्षा स्वच्छ होता असं मी म्हणेन, कारण आमच्यात कोणी कोणाचा गळा रेशमी दोरीनं आवळला नाही. बाकी भावाभावांत जे जे होतं ते सगळं झालं.

या अंकाच्या संपादकबाई माझ्या लोणावळ्याच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांना पावसाळी पर्यटनावर लेख हवा होता. धबधबे, गर्दी, भजी. मी म्हटलं, लिहीन तर तुर्कस्तानावर, नाहीतर दुसरा माणूस बघा. "अहो, पण मावळाचा आणि तुर्कस्तानाचा संबंध काय?" बाई म्हणाल्या. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि संबंध सांगायला लागलो. चहावर साय धरली, पण लेख तुर्कस्तानाचाच ठरला. मी आयुष्यभर हेच करत आलोय. समोरचा जे घ्यायला आलाय ते बाजूला ठेवायचं आणि मला जे द्यायचंय ते त्याच्या गळ्यात घालायचं. तोही खूश होऊन जातो.

मी मूळचा लोहगडवाडीचा. गडाखाली ट्रेकर लोकांना ताक आणि पिठलं-भाकरी विकायचो. शहरातली पोरं ताकाच्या ग्लासावरून घासाघीस करायची, आणि चढून आल्यावर तीच पोरं मी सांगेन त्या भावाला तीन-तीन ग्लास प्यायची. तेव्हाच मला कळलं की भाव पायथ्याशी करायचा नसतो, माणूस दमल्यावर करायचा असतो. पुढे जुनी जीप घेतली. मळवली स्टेशनावरून गडाखाली फेऱ्या. धाकटा भाऊ सुदाम गाडी चालवायचा, मी गिऱ्हाईक पकडायचो. जीपची मिनीबस झाली, मिनीबसच्या चार मोठ्या बस झाल्या. सुदामाचा बसवर असा जीव की रात्री टायरला हात लावून आल्याशिवाय जेवायला बसायचा नाही.

तोवर मावळात पैसा आला होता. ज्यांची जमीन रस्त्यात आणि कारखान्यांत गेली त्यांनी बंगले बांधले, पोरांची लग्नं उरकली आणि मग ओट्यावर बसून राहिले. काशी झालेली, रामेश्वर झालेलं. मी त्यांना म्हटलं, आता विमानात बसा. आधी दुबई केली. मग तुर्कस्तान.

परदेशी सहल चालवणं म्हणजे लोकांना वाटतं झेंडा धरून पुढे चालायचं. खरा धंदा निघायच्या आधी तीन महिने सुरू होतो. जन्मभर भाताची लावणी केलेल्या बाईच्या बोटांचे ठसे मशिनवर उमटत नाहीत, म्हणून मी पासपोर्टच्या आधी आठवडाभर तिला हाताला खोबरेल चोळायला लावायचो. मग भात. भात चुकला की मावळातला माणूस तिसऱ्या दिवशी भांडायला उठतो, म्हणून इंद्रायणी तांदळाची पोती आणि कुकर आमच्याबरोबर. तिथल्या हॉटेलवाल्यांना त्यांच्या स्वयंपाकघरात आमचा कुकर लावू द्यायला पटवणं, हे काम मी केलं. कसं केलं ते सांगणार नाही, धंद्याचं आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, बसमधली जागा. खिडकीवरून सोयऱ्यांत कायमची तोंडं फिरलेली मी पाहिली आहेत. म्हणून नियम असा की रोज सकाळी पुढच्या दोन रांगा मागे जातात आणि बाकीचे पुढे सरकतात. सरपंच असो नाहीतर सरपंचाची सासू. फक्त ड्रायव्हरशेजारची जागा बदलत नाही. ती माझी. आणि शेवटच्या रांगेतली, बॅगांजवळची, तीही बदलायची नाही. ती सुदामाची.

आता इतिहास. पहिल्या सहलीला मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तिथं परवान्याचा स्थानिक गाईड घ्यावाच लागतो. आमचा होता इल्हान, गोरापान, मिशीला पीळ देणारा, इंग्रजी पाण्यासारखं बोलणारा. तो बोलायला लागला आणि दहा मिनिटांत अख्खी बस घोरायला लागली. जागी होती एकटी कान्ह्याची हौसामावशी. नवरा मागेच गेलेला, जमीन गेली तरी जिभेची धार शिल्लक असलेली बाई.

"बबन, ह्यो मगाधरनं काय बोलतोय?"

"इतिहास सांगतोय, मावशी. इथल्या राजांचा."

"मग आमाला बी सांग की. आमी काय निस्ती झाडं बगायला आलोय व्हय? झाडं कान्ह्याला बी हायती."

मी माईक घेतला. इल्हानच्या बोलण्यातलं मला निम्मं कळलं होतं. पण जे कळलं होतं ते बाप, भाऊ, जमीन आणि वाटणी असं होतं, आणि भावकी समजायला मला दुभाषा लागत नाही. मी तिथल्या राजांची भावकी सांगितली. बस जागी झाली. दुसऱ्या दिवशी लोक नाश्त्यालाच विचारायला लागले, पुढं काय झालं?

त्यानंतर मी हा विषय धरला तो सोडलाच नाही. जे मिळेल ते वाचलं. तळेगावच्या एका निवृत्त मास्तरांच्या घरी रविवार-रविवार जाऊन बसलो. इल्हानच्या शेजारी जेवताना त्याला खोदून खोदून विचारलं. पुढे पुढे तो दमला की स्वतःच माईक माझ्या हातात द्यायचा.

माझी सुरुवात बुर्सा गावात व्हायची. तिथं टेकडीवर उस्मान आणि त्याचा मुलगा ओरहान यांच्या कबरी आहेत. उस्मान म्हणजे या घराण्याचा मूळपुरुष. होता केवढा? एका टोळीचा नाईक. मेंढरं, थोडे घोडेस्वार आणि शेजारी खिळखिळं झालेलं जुनं राज्य. तो गेला. मागे ओरहान आणि त्याचा भाऊ अलाउद्दीन. जुन्या बखरीत अशी कथा आहे की ओरहान भावाला म्हणाला, ये, आपण वाटून घेऊ. अलाउद्दीन नको म्हणाला. राज्याला धनी एकच असावा, तो तू हो, मला पोटापुरतं एक गाव दे. ओरहाननं गाव दिलं, आणि वर त्याला आपला वजीर केलं.

इथं मी थांबायचो आणि विचारायचो, "आता खरं सांगा, आपल्या मावळात असं कोणी केलं असतं का?"

बस हसायची. कोणीतरी ओरडायचं, "आवो, आमच्यात बांधावरची बाभळ बी अर्दी अर्दी कापत्यात!"

माझा सिद्धांत असा की त्या एका न झालेल्या वाटणीवर अख्खं साम्राज्य उभं राहिलं. शेजारची राज्यं मुलांत वाटली जायची, दोन पिढ्यांत तुकडे व्हायचे. उस्मानचं एकत्र राहिलं. पण अलाउद्दीन दरवेळी जन्माला येत नाही. ओरहानचा नातू बायझिद, त्यानं बाप रणात पडला त्याच दिवशी सख्ख्या भावाचा गळा आवळायला लावला. रेशमी दोरीनं, कारण राजरक्त जमिनीवर सांडायचं नाही. पुढं तैमूरनं बायझिदलाच पकडून नेलं आणि त्याची मुलं दहा-अकरा वर्षं एकमेकांशी लढत बसली. राज्य बुडता बुडता वाचलं.

मग आला दुसरा मेहमेद. एकविसाव्या वर्षी त्यानं कॉन्स्टँटिनोपल घेतलं, आजचं इस्तंबूल. खाडीच्या तोंडाला साखळी लावलेली, जहाजं आत जाईनात, तर पठ्ठ्यानं ती टेकडीवरून, चरबी चोळलेल्या लाकडांवरून ओढत पलीकडे उतरवली. या माणसाला मी मानतो. यानंच कायदा केला की गादीवर बसणाऱ्यानं राज्य टिकावं म्हणून भावांना मारलं तरी चालेल. ऐकायला भयंकर आहे. पण पुढची शंभर वर्षं बघा. सुलेमानाच्या काळी व्हिएन्नाच्या वेशीपासून बगदादपर्यंत एकच सत्ता. मग एक वेळ अशी आली की नव्या सुलतानानं एका दिवसात एकोणीस भाऊ मारले आणि बापाच्या तिरडीमागून एकोणीस तिरड्या निघाल्या. इस्तंबूलच्या रस्त्यावर माणसं रडली. त्यानंतर कायदा बदलला नाही, पण हात चालेनात. भावांना मारायचं सोडून कोंडायला लागले. राजवाड्याच्या आतल्या अंगाला खोल्या आहेत, त्यांना पिंजराच म्हणतात. खायला-प्यायला सगळं, काम मात्र काही नाही. वर्षानुवर्षं. आणि गादी रिकामी झाली की त्यातलाच एक काढून सुलतान करायचा.

उतार इथून लागला, असं मी सांगतो. कारणं पुष्कळ होती. फौजेतले शिपाई दुकानं मांडून बसले आणि कवायत विसरले. व्यापार समुद्रावरून दुसरीकडे वळला. दूरचे प्रांत एकेक करून सुटले. पण मुळात काम न शिकवलेल्या माणसाच्या हातात कारभार गेला. साम्राज्याला चढायला जेवढा काळ लागला त्याहून जास्त उतरायला लागला. मोठ्या गाडीचं असंच असतं, इंजिन बंद पडलं तरी उतारावर ती लांबवर जाते, आणि आत बसलेल्यांना वाटतं चालू आहे.

ही शेवटची ओळ सुदामाची. चांगली होती म्हणून मी घेतली.

आता भांडणाकडे येतो. चार वर्षांपूर्वीची सहल. आदल्या दिवशी बोटीवरच्या वाऱ्यानं माझा घसा बसला. सकाळी इस्तंबूलच्या जुन्या तटाखाली बस उभी राहिली, मी तोंड उघडलं तर नुसती हवा. हौसामावशी दुसऱ्यांदा आली होती, बहिणीला दाखवायला. ती म्हणाली, "सुदामा, तू सांग की. तू बी ऐकलं असशील एवढ्या येळा."

सुदाम मागून उठून आला. माईक दोन्ही हातांनी धरला, स्टेअरिंगसारखा.

"आता बगा. म्होरं साकळी लावल्याली. गाडी जात न्हाई. मग डायवर काय करतो? हारन वाजवत बसतो व्हय? मागनं रस्ता काडतो. त्या पोरानं लाकडं टाकली, चरबी चोपडली आन् जहाज चढावलं घाटाला. बैलं लावली, मानसं लावली. आपला बोरघाट चढताना माज्या मोकळ्या गाडीला घाम फुटतो, हितं तर अख्खं जहाज! वर चढावलं ते सोपं. उतरावताना बिरेक कुटं हुता त्याला?"

लोक टाळ्या पिटत होते. इल्हानला एक अक्षर कळत नव्हतं, तोही हसत होता.

"आन् हे केलं कुनी? सुलेमान सुलतानानं!"

मी माईक हिसकावला. नसलेल्या आवाजात ओरडलो, "सुलेमान नाही, मेहमेद! सुलेमान त्याचा पणतू! येत नाही तर बोलू नये. तू जा, बॅगा मोज."

सुदाम गेला. बॅगा मोजल्या. इतिहास चुकीचा सांगितलेला मला चालत नाही, आजही चालत नाही.

त्याच दुपारी राजवाडा होता. पिंजऱ्याच्या खोल्यांसमोर उभं राहून मी घोगऱ्या आवाजात इब्राहिमची गोष्ट सांगितली. त्याला गादीवर बसवायला दरबारी आले, तर त्यानं आतून दाराला सामान लावलं. त्याला वाटलं, मारायलाच आलेत. शेवटी आधीच्या सुलतानाचं, म्हणजे भावाचं प्रेत दाराशी आणून दाखवलं तेव्हा त्यानं दार उघडलं.

हौसामावशी खिडकीच्या नक्षीवर हात फिरवत म्हणाली, "म्हंजी ज्याला जल्मात काम दिलं न्हाई, त्येला येकदम राजा केला. मग राज बुडायचंच."

"बरोबर, मावशी."

"मग तुजा सुदाम कवा भाईर यायचा?"

सगळे हसले. मीही हसलो, गिऱ्हाईकासमोर हसावं लागतं. सुदाम लांब फाटकाशी उभा राहून माणसं मोजत होता. त्याच्यापर्यंत हसणं पोचलं की शब्द, ते मला माहीत नाही.

परत आल्यावर महिन्याभरात तो ऑफिसात आला. उभ्यानंच बोलला, "दादा, वाटनी करू."

मी काय काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. शेजारच्या चिक्कीच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली एवढं सांगतो. तो ऐकत राहिला आणि शेवटी पुन्हा तेच म्हणाला, "वाटनी करू. भांडान नको."

आमच्याकडे वाटणीची रीत आहे. वाटे थोरला पाडतो, उचलतो आधी धाकटा. रीत फार शहाणपणाची आहे. थोरल्यानं एक वाटा जड केला तर धाकटा तोच उचलेल, म्हणून थोरला आपसूक सारखे वाटे करतो. दोन विड्याची पानं मांडायची, एकावर सुपारी, एकावर हळकुंड. थोरला सांगतो कुठल्या पानात काय. धाकटा एक पान उचलतो. उचलल्यावर "का" म्हणून विचारायचं नाही, आणि उचललेलं पान परत ठेवायचं नाही. शेतासाठी केलेली ही रीत आम्ही धंद्याला लावली. दुसरी कुठली आम्हाला येतच नव्हती.

मी आठवडाभर विचार केला. मला काय हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. मला तुर्कस्तान हवं होतं. बस, ऑफिस, लोहगड-कार्ल्याच्या फेऱ्या, दुबई, हे सगळं कोणीही चालवतं. तुर्कस्तान मी उभं केलेलं. त्या बसमध्ये माईक हातात घेतला की मी ताक विकणारा बबन नसायचो. पण थोरल्यानं "मला हे हवं" म्हणायचं नसतं. मग मी वाटे असे पाडले की सुदाम तुर्कस्तान माझ्यासाठी सोडेलच.

लोहगडवाडीच्या घरी सगळे बसले. मधे आमचे मामा. मी दोन पानं मांडली.

"सुपारीच्या पानात चारी बस, ऑफिस, इथल्या सगळ्या फेऱ्या आणि दुबई," मी म्हटलं. "हळकुंडाच्या पानात तुर्कस्तानाची सहल. फक्त."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "बबन, हे वाटं सारकं हायती?"

"माझ्या मतानं आहेत."

"आरं, येका बाजूला समदं गाव आन् दुसरीकडं..."

"मामा, उचलू द्या त्याला."

बायका कुजबुजल्या. बघा, थोरल्यानं धाकट्याला सगळंच देऊन टाकलं. मला ते ऐकू आलं आणि बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटा मला हवा तो मिळणार आणि नावही माझंच होणार. असा सौदा मी आयुष्यात केला नव्हता. ज्या माणसाला बसच्या टायरला हात लावल्याशिवाय जेवण जात नाही, तो चार बस सोडून कुठं जाणार?

सुदामानं माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि हळकुंडाचं पान उचललं.

मामांनी उरलेलं सुपारीचं पान माझ्याकडे सरकवलं. मामा म्हणाले, "झालं. चहा टाका."

त्यानंतरची तीन वर्षं मी चार बस, ऑफिस आणि दुबई सांभाळली. उत्तम सांभाळली, आज सहा बस आहेत. पण गावात बोललं काय गेलं? थोरल्यानं सगळं ठेवून घेतलं आणि धाकट्याच्या हातात नुसतं हळकुंड दिलं. लग्नाकार्यात माणसं माझ्याकडे तशा नजरेनं बघायची. आणि मला ओरडून सांगता येत नव्हतं की अरे, लुटला मी गेलोय! माझी खात्री होती की सुदामानं मुद्दाम केलं. मला काय प्यारं आहे ते त्याला माहीत होतं आणि "बॅगा मोज" म्हटल्याचा त्यानं सूड घेतला. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. बेगडेवाडीला त्यानं घर बांधलं, मी वास्तुशांतीला गेलो नाही.

वर कानावर काय यायचं? सुदाम इतिहास सांगतच नाही. इल्हान इंग्रजीत बोलतो, सुदाम चिवडा वाटतो, लोक झोपतात. पहिल्या वर्षी दोन सहली गेल्या, मग एक, तिसऱ्या वर्षी तीही कशीबशी भरली. माझ्या डोळ्यांदेखत माझं तुर्कस्तान उताराला लागलं होतं. मी ऑफिसात बसून दात खायचो.

मागच्या हिवाळ्यात हौसामावशी ऑफिसात आली. या वेळी सुनेला घेऊन सुदामाबरोबर जाऊन आली होती. खुर्चीत बसली आणि सुरूच झाली.

"मेल्या, त्येला कायतरी शिकव. तोंडात गुळनी धरून बसतो. सून माजी झोपली की रं समद्या वाटंनं."

"मावशी, त्याचा वाटा त्याच्याकडे. मला काय सांगता?"

"येकच गोष्ट सांगतो. त्या टेकडीवरच्या थडग्यापाशी. दोगा भावांची. ती मातर झ्याक सांगतो. सांगतो आन् म्हनतो, म्या बी तसंच केलं. येक गाव उचललं, बाकी राज दादाला ठिवलं. सून रडली माजी ते ऐकून."

मी मावशीला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, आणि वर म्हणाली, "आसं काय बगतोस? तूच शिकावलंस की त्येला."

मी ऑफिस तसंच उघडं टाकून बेगडेवाडीला गेलो. सुदाम अंगणात पाइपानं झाडांना पाणी घालत होता. मला बघून पाइप हातातच राहिला, पाणी माझ्या बुटांवर.

"तुला अक्कल आहे का?" मी म्हटलं. "चार बस सोडल्यास?"

त्यानं पाइप झाडाच्या आळ्यात टाकला. मग म्हणाला, "तू समदं माज्या म्होरं ठिवलंस, दादा. गाड्या, हापिस, समदं. आपल्याकडं काय बी ठिवलं न्हाईस. ओरहानावानी. मग म्या ते कसं घ्यायचं? तूच सांगायचास न्हवं, धनी येकच आसावा?"

"अरे गाढवा, मला तुर्कस्तान हवं होतं!"

"मंग म्हनायचंस की."

"थोरला म्हणतो का कधी?"

"आन् धाकट्याला कळायचं कसं?"

त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती. पाणी वाहतच होतं. तिनं जाऊन नळ बंद केला आणि न विचारता दोन कप चहा टाकला.

सुदाम म्हणाला, "घे मंग माघारी. मला तरी कुटं सांगता येतं."

"उचललेलं पान परत ठेवत नाहीत."

"व्हय. तेबी खरं."

आम्ही ओट्यावर बसलो. मी तीन वर्षांचा राग घेऊन आलो होतो आणि तो ठेवायला जागा मिळेना. अशा वेळी मला एकच काम येतं. मी सौद्याला बसलो.

"त्या गोष्टीत पुढं काय आहे?" मी विचारलं. "गाव घेतल्यावर?"

"भाऊ वजीर झाला."

"मग तुर्कस्तानाचा धनी तू. मला वजीर कर. माईक माझा."

सुदाम माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. त्या वाटणीनंतर मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. "माईक तुजा. पर जहाजाची गोष्ट मी सांगनार."

"मेहमेदचं नाव घेऊन सांगणार असशील तर सांग."

"मेहमेद. आन् डायवरशेजारची जागा माजी."

"ती माझी आहे. अठरा वर्षं!"

"माजी गाडी, माजा नेम. जागा रोज बदलती. धन्याची सोडून समद्यांची."

यावर दिवेलागणीपर्यंत घासाघीस झाली. इस्तंबूलच्या गालिचावाल्याला मी रडवलंय, पण सुदाम हलला नाही. एक गोष्ट मी तेव्हा मनात कबूल केली, हा माणूस मागच्या रांगेत बसून नुसत्या बॅगा मोजत नव्हता.

यंदाची सहल भरली. लोहगडवाडी, कान्हे, बेगडेवाडी, तिन्हीकडची माणसं. बुर्साच्या टेकडीवर दोघा भावांची गोष्ट मी सांगितली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, मावळात असं कोणी केलं असतं का? सगळ्या बसनं सुदामाकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाभळीचं कोणी काढलं नाही. तटाखाली जहाजं त्यानं चढवली आणि उतरवली, बिनब्रेकची, आणि नाव बरोबर घेतलं.

रोज सकाळी जागा बदलत गेल्या. विमानतळाला निघालो त्या दिवशी माझी पाळी शेवटच्या रांगेत आली, बॅगांजवळ. आणि शेवटच्या दिवशी असते शेवटच्या सुलतानाची गोष्ट. सहाशे वर्षांचं साम्राज्य, आणि तो राजवाड्याच्या मागच्या दारानं, परक्यांच्या रुग्णवाहिकेत बसून, परक्यांच्या जहाजावर चढून निघून गेला. ही गोष्ट मी दुसऱ्या कोणालाही सांगू देणार नाही.

पुढून सुदामानं ड्रायव्हरचं गाणं बंद करायला लावलं आणि माईक मागे पाठवला. हातोहात येत येत तो निम्म्या बसपर्यंत आला आणि तिथं त्याची वायर संपली. "दादा, म्होरं येऊन बस," सुदाम ओरडला. "घे माजी जागा."

मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, बस तू तिथंच. तुर्कस्तान माझं होतं हे मी आजही म्हणतो, आणि मरेपर्यंत म्हणेन. माईक तिथंच लोंबकळत राहिला. मी बॅगेवर हात टेकून उभा राहिलो आणि सुरुवात केली. माझा आवाज ड्रायव्हरपर्यंत पोचतो.